पिकअप वाहनाच्या चालनपद्धती व इंधनखर्च

चालकाने प्रवेगक दाबल्यावर एंजिनाने किती शक्ती द्यावी व ती किती चाकांकडे जावी, हे ठरविणाऱ्या योजनांना चालनपद्धती किंवा मोड म्हणतात. पिकअप हे पुढे चालककक्ष व मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन होय.

चालनपद्धतींचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाद्वारे एंजिनाचा प्रतिसाद बदलतात. ‘इको’ पद्धतीत प्रवेगक तेवढाच दाबला, तरी इंधन कमी सोडले जाते. ‘पॉवर’ पद्धतीत पूर्ण शक्ती मिळते. २०१६ मध्ये आलेल्या महिंद्र ब्लेझो या अवजड मालट्रकमध्ये भारानुसार टर्बो, हेवी व लाइट अशा तीन पद्धती, तर २०१९ च्या टाटा इंट्रा या छोट्या मालवाहू वाहनात इको कळ व गिअर बदलण्याची सूचना देणारा दर्शक अशी सोय करण्यात आली. दुसऱ्या वर्गात दोन अथवा चार चाकांना गती देण्याची निवड असते. चारचाकी चालनात जादा दंतचक्रे व दंड फिरत असल्याने घर्षण वाढते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते वापरल्यास इंधन व टायर दोन्ही वाया जातात. चिखल व निसरड्या चढापुरतेच ते उपयुक्त असते.

कोणतीही पद्धत वाहनाला करावे लागणारे कार्य कमी करीत नाही, ही गोष्ट घाटात स्पष्ट होते. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीस जाताना रस्ता सु. ६०० मी. उंची गाठतो. मालासह ३,००० किग्रॅ. वस्तुमानाचे वाहन तेवढे वर नेण्यास सु. १·७६ कोटी जूल ऊर्जा लागते. एक लिटर डीझेलमध्ये सु. ३·६ कोटी जूल ऊर्जा असते व तिचा सु. एक-तृतीयांश भागच चाकांपर्यंत पोहोचतो, असे धरल्यास केवळ उंची गाठण्यासाठी सु. दीड लिटर डीझेल खर्च होते. टायरांचे घर्षण व हवेचा विरोध यांचा खर्च वेगळाच. भरल्या गाडीने इको पद्धतीत चढ चढताना शक्ती अपुरी पडली, तर खालचा गिअर टाकून एंजिन जास्त फेऱ्यांवर चालवावे लागते आणि बचत नाहीशी होते. रिकाम्या गाडीत, शहरी वाहतुकीत व सपाट रस्त्यावर मात्र इको पद्धतीचा लाभ होतो. कारण तेथे अनावश्यक प्रवेग व त्यापाठोपाठ लावावा लागणारा ब्रेक यांमुळेच बरेच इंधन वाया जाते.

महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील स्ट्रॉबेरी व भाजीपाला घेऊन भरलेली वाहने घाट उतरतात. उतारावर डीझेल वाचविण्यासाठी गाडी ‘न्यूट्रल’मध्ये सोडण्याची सवय चुकीची आहे. गिअर टाकलेला असून प्रवेगकावरील पाय काढला, तर आधुनिक एंजिनात इंधनपुरवठा थांबतो व चाकेच एंजिन फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिन चालू ठेवण्यास इंधन लागतच राहते. शिवाय एंजिनाचा रोध न मिळाल्याने सर्व भार ब्रेकवर पडून ते तापतात व निकामी होऊ शकतात. एंजिन बंद केल्यास ब्रेकला मिळणारे निर्वात-साहाय्यही थोड्याच वेळात संपते. म्हणून उतारावर योग्य गिअरात राहणे हेच काटकसरीचे व सुरक्षिततेचेही ठरते.

मोकळ्या महामार्गावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे मर्यादित वेग, टायरांतील योग्य दाब व परवानगीइतकाच भार यांचे पालन न केल्यास कोणत्याही चालनपद्धतीचा लाभ फारसा उरत नाही.