कोरियन नूडल्स घरच्या घरी: चव तीच, हलालची खात्री आपल्या हातात

शाळेतल्या मुलांपासून कॉलेजच्या मुलींपर्यंत सध्या सगळ्यांना कोरियन नूडल्स हव्या असतात. मालिकांमधली माणसं पातेल्यातूनच वाफाळत्या नूडल्स ओढून खाताना दिसतात. मोबाईलवर 'कोण जास्त तिखट खातो' अशा पैजा चालतात. आणि आता मोहल्ल्यातल्या दुकानातही ती काळी-लाल पाकिटं टांगलेली असतात. घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो: यात आहे काय? हे हलाल आहे का?

प्रश्न रास्त आहे. पण नुसतं "नको" म्हणून तो सुटत नाही. मूल मित्राकडे जाऊन खातं, आणि तिथे पाकीट कुणी वाचत नाही. म्हणून आज आपण दोन गोष्टी बघू या. पाकीट कसं वाचायचं, आणि तशाच चवीच्या नूडल्स घरात वीस मिनिटांत कशा करायच्या.

हा पदार्थ आला कुठून?

झटपट नूडल्स जपानमध्ये 1958 साली बाजारात आल्या. कोरियात पहिलं पाकीट 1963 मध्ये निघालं. युद्धानंतर तिथे धान्याची टंचाई होती, तेव्हा स्वस्तात पोट भरणारं जेवण म्हणून लोकांनी ते उचलून धरलं. तिथे त्याला 'राम्यॉन' म्हणतात. सध्या मुलांच्या तोंडी असलेलं 'बुलडाक' हे नाव 2012 साली निघालेल्या नूडल्सचं. 'बुल' म्हणजे आग आणि 'डाक' म्हणजे कोंबडी.

या चवीच्या मुळाशी आहे 'गोचुजांग', म्हणजे लाल मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन आणि मीठ यांची महिनोन्‌महिने मुरवलेली चटणी. तिखट, गोडसर आणि किंचित आंबूस. मिरची मूळची ना कोरियाची, ना आपली. दोन्हीकडे ती अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आली. त्यामुळे ही चव आपल्या जिभेला परकी वाटत नाही.

पाकिटावर काय बघायचं?

पहिली गोष्ट, हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण. हिरवा ठिपका असेल तर त्यात मांस, हाडांचा अर्क, मासळी, अंडं नाही. तपकिरी खूण असेल तर प्राणिजन्य काहीतरी आहे, पण प्राणी कोणता आणि जबिहा कसा झाला, हे ती खूण सांगत नाही. आणि हिरवा ठिपका मद्याबद्दल काहीच बोलत नाही, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट, हलालचा शिक्का. सोल शहरात इतेवॉन भागाजवळ 1976 साली उघडलेली मोठी मशीद आहे. तिथल्या कोरिया मुस्लिम फेडरेशनचा हलाल शिक्का अनेक निर्यातीच्या पाकिटांवर असतो. पण एकाच नावाची नूडल वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या घटकांची बनते. मागच्या वेळी शिक्का होता म्हणून या वेळीही असेलच, असं नाही. दर वेळी हातातलं पाकीट उलटून बघा.

तिसरी गोष्ट, घटकांची यादी. डुकराचा किंवा गोमांसाचा अर्क, मिरिन, राईस वाईन, इथाइल अल्कोहोल हे शब्द शोधा. विकतच्या गोचुजांगमध्ये टिकण्यासाठी पुष्कळदा अल्कोहोल घातलेलं असतं. 631 आणि 471 हे क्रमांक असलेले घटक वनस्पतीपासूनही होतात आणि प्राण्यापासूनही. शिक्का किंवा हिरवा ठिपका नसेल तर ते संशयितच समजा. सोया सॉस आंबवताना आपोआप तयार होणाऱ्या अल्पशा अल्कोहोलबद्दल उलमांची मतं वेगवेगळी आहेत. तिथे आपल्या आलिमसाहेबांना विचारलेलं बरं.

ही काळजी उगाच नाही. 2017 मध्ये इंडोनेशियाच्या सरकारी अन्न-औषध यंत्रणेने चार कोरियन नूडल्स बाजारातून काढायला लावल्या होत्या. तपासणीत डुकराचे अंश सापडले होते आणि पाकिटावर त्याचा उल्लेख नव्हता.

तिखटाचीही हद्द असते

जून 2024 मध्ये डेन्मार्कच्या अन्न खात्याने अतितिखट कोरियन नूडल्सचे तीन प्रकार मागे घ्यायला लावले. एका पाकिटातलं कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं जळजळ करणारं द्रव्य, मुलांना बाधेल इतकं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात फेरतपासणी करून दोन प्रकारांना परवानगी मिळाली, पण सगळ्यात जहाल प्रकार बंदच राहिला.

दुसरा मुद्दा मिठाचा. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोरियन सूप नूडल्सच्या अनेक पाकिटांत एकट्यातच दीड ग्रॅमच्या वर सोडियम असतं. घरात बीपीचा त्रास असणारं कुणी असेल तर हा आकडा आधी वाचा.

आता घरची कृती (दोघांसाठी)

साहित्य:
– साध्या हक्का नूडल्स 150 ग्रॅम
– ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीचं तिखट 2 मोठे चमचे
– लसूण 6 पाकळ्या, बारीक चिरून
– सोया सॉस 1 मोठा चमचा
– किसलेला गूळ 1 मोठा चमचा
– टोमॅटो केचप 1 मोठा चमचा
– व्हिनेगर 1 छोटा चमचा
– तेल 2 मोठे चमचे, भाजलेले तीळ 1 मोठा चमचा
– कोबी, गाजर, कांद्याची पात. आवडीप्रमाणे उकडलेली अंडी किंवा शिजवलेलं चिकन

ब्याडगीच का? कोरियन मिरची रंगाला गडद आणि तिखटाला बेताची असते. आपल्याकडे त्या गुणाची मिरची म्हणजे ब्याडगी. पैजेचं तिखट हवंच असेल तर वरून पाव छोटा चमचा संकेश्वरी किंवा लवंगी घाला. पण नुसत्या लवंगीने करू नका, रंग येणार नाही आणि तोंड मात्र पोळेल.

1. एका वाटीत तिखट, सोया सॉस, गूळ, केचप, व्हिनेगर आणि चार चमचे पाणी कालवून ठेवा. वेगळं मीठ घालू नका, सोया सॉसमध्ये ते भरपूर असतं.

2. नूडल्स उकळत्या पाण्यात पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी शिजवा. पाणी फेकायच्या आधी एक वाटीभर बाजूला काढा. या पाण्यात पीठ उतरलेलं असतं, त्यानेच सॉस नूडल्सला चिकटतो.

3. कढईत तेल तापवून लसूण परता. लाल व्हायच्या आधीच गॅस मंद करा आणि वाटीतलं मिश्रण घाला. आच मोठी राहिली तर तिखट जळतं, कडू लागतं आणि घरभर ठसका उठतो.

4. मिनिटभरात तेल सुटेल. मग नूडल्सचं राखून ठेवलेलं पाणी अर्धी वाटी घाला. कोबी-गाजर टाकून दोन मिनिटं, त्यानंतर नूडल्स आणि चिकन टाकून आणखी एक-दोन मिनिटं मोठ्या आचेवर हलवा. रस आटून नूडल्सवर चकाकी आली की झालं.

5. वरून तीळ, कांद्याची पात आणि अर्धं कापलेलं अंडं ठेवा. सूप हवं असेल तर उरलेलं पाणी किंवा घरातली यखनी घालून एक उकळी काढा.

छोट्यांसाठी तिखट निम्मं करा आणि शेवटी पाव वाटी दूध घालून मंद आचेवर हलवा. रंग गुलाबी होतो, चव मवाळ होते. कुणाला तिखट लागलंच तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही द्या. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दुधातल्या स्निग्धांशात विरघळतं.

रमजानमध्ये मुलं हटकून इफ्तारला हेच मागतात. दिवसभराच्या रिकाम्या पोटी इतकं तिखट नको. खजूर, पाणी, फळं होऊ द्या, मगरिबची नमाज होऊ द्या, मग थोडंसं द्या.

सॉस मात्र थोडा जास्तीचा करून ठेवायला हरकत नाही. पाणी न घालता, तेलात नीट परतून, कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की आठवडाभर राहतो. उरलेल्या भाताला लावा, पनीरला लावा.

आणि एक काम मुलांवरच सोपवा. पुढच्या वेळी दुकानात पाकीट हातात घेतलं की घटकांची यादी त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. ज्याला लेबल वाचायची सवय लागली, तो मित्राच्या घरीही काही तोंडात टाकण्याआधी पाकीट उलटून बघतो.