स्टार्टअपमध्ये पहिली नोकरी: पैसे भरू नका, काम दाखवा

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा डिप्लोमा झाला की गावाकडची पोरं पुण्यात हिंजवडी, खराडीच्या चकरा मारतात. मोठ्या कंपन्या ठराविक कॉलेजांत जाऊन भरती करतात. ज्यांच्या कॉलेजला कंपनी येतच नाही, त्यांच्यासाठी स्टार्टअप म्हणजे नवी, छोटी कंपनी हा एक रस्ता आहे. तिथं मार्कांपेक्षा काम बघतात.

काय दाखवायचं?
छोट्या कंपनीत नव्या माणसाला महिनोन्‌महिने शिकवायला कोणाला सवड नसते. म्हणून स्वतः केलेली, चालू असलेली एक-दोन कामं हवीत. उदाहरणार्थ, दूध डेअरीचं ॲप: सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, दर आणि दहा दिवसांचं बिल. गावातल्या डेअरीत ते महिनाभर वापरायला द्या. कुठं अडलं, काय दुरुस्त केलं, हे मुलाखतीत सांगता येतं. कोड गिटहबवर फुकट ठेवता येतो, त्याची लिंक बायोडाटात टाका. दुसऱ्याचा कोड उचलला तर दोन प्रश्नांत उघडं पडतं. शिकायला आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल फुकट आहे, त्यात मराठीतले धडेही आहेत.

कंपनी खरी का?
प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला 21 अक्षर-आकड्यांचा सीआयएन नंबर असतो. केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर तो तपासा. पण ठग खऱ्या कंपनीचंही नाव वापरतात. त्यामुळे ऑफर लेटर आलं की कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन करून विचारा.

रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कशाच्याही नावाखाली पैसे मागितले तर तिथंच थांबा. नोकरीत कंपनी पैसे देते, घेत नाही. गाय विकून किंवा सोनं गहाण ठेवून एजंटाला पैसे देऊ नका. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

हातात किती?
वर्षाचं 3 लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला 25,000 हातात, असं नाही. 15,000 मूळ पगारावर 12 टक्के पीएफ धरला तर तुमचे 1,800 कापतात. कंपनीचे 1,800 बऱ्याचदा पॅकेजमध्येच धरलेले असतात. व्यवसाय कर 200 धरला तर हातात 21,200 येतात. त्यातून खोलीभाडं, मेस आणि प्रवास भागवायचा.

सही करण्याआधी
बॉण्ड किती दिवसांचा, मध्येच सोडलं तर किती भरायचे, हे नीट वाचा. मूळ मार्कशीट कंपनीकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. स्टार्टअप बंदही पडू शकतो. म्हणून पगार वेळेवर होतो का, हे तिथं काम करणाऱ्या एखाद्याला आधीच विचारा.