जठर स्वतःलाच का पचवत नाही?

मटण पचवणारं जठर स्वतः शाबूत राहतं ते बुळबुळीत श्लेष्मामुळे. जठररसाचा पीएच १ ते २ इतका खाली जातो. पण अस्तराला चिकटलेल्या या थरात पेशी बायकार्बोनेट सोडत राहतात, त्यामुळे अगदी आतल्या बाजूला आम्लाचा जोर जवळजवळ संपलेला असतो.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू इथेच डाव साधतो. युरियापासून अमोनिया बनवून तो भोवतालचं आम्ल मारतो. त्याने घट्ट श्लेष्मा पातळ होतो आणि स्वारी पोहत आत शिरते. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू चक्क पिऊन जठरदाह ओढवून घेतला! (२००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.)

काही वेळा हे कवच आपणच झिजवतो. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या या स्रावांना चालना देणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं घटवतात, आणि श्लेष्मा, बायकार्बोनेट दोन्ही आटतात.