सीडी घातली, तरी संगणक जागा होईना

आज बचत, कर्ज, व्याज यांच्याबद्दल बोलणार नाही. पण हे सगळं ज्या पेटीत भरून ठेवतो, त्या संगणकाबद्दल बोलू. हातातलं काम बाजूला ठेवायची गरज नाही. भाजी निवडता निवडता ऐका, फक्त शेवटी वही-पेन जवळ घ्या.

माळशिरसच्या आमच्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. गावोगावच्या गटांची बचत, कुणाला किती कर्ज दिलं, किती हप्ते आले, सगळं त्यात. कागदी नोंदवह्या होत्याच, पण गेल्या दीड वर्षात आम्ही आळशी झालो. संगणकात भरलं की झालं, वहीत नंतर उतरवू, असं म्हणत राहिलो. ते ‘नंतर’ काही आलंच नाही. एके दिवशी संगणक चालू असतानाच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली. लाइट आल्यावर बटण दाबलं तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा त्याच दोन ओळी. आणि आठ दिवसांवर बँकेचे साहेब गटांची तपासणी करायला येणार होते.

पंचसूत्री तुम्हाला पाठ आहेच. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पाचवं सूत्रच काळ्या पडद्यामागे अडकलं, तर पहिली चार पाळली हे बँकेला दाखवायचं कशावरून? नाबार्डने २०१५ साली ई-शक्ती प्रकल्प सुरू केला. बचत गटांच्या नोंदी संगणकावर आणण्याचा तो प्रयोग सुरुवातीला झारखंडच्या रामगढ आणि आपल्या धुळे जिल्ह्यात झाला. तेव्हापासून आपली पत संगणकातल्या नोंदींवर जास्त ठरू लागली आहे. म्हणून ही माहिती फक्त संगणकवाल्या मुलांसाठी आहे असं समजू नका.

ओळखीचा एक मुलगा म्हणाला, “विंडोज उडालंय, नवीन टाका.” त्याने विंडोजची डीव्हीडी दिली. आम्ही ती घातली, संगणक चालू केला, तर पुन्हा तोच काळा पडदा. डीव्हीडीकडे संगणकाने पाहिलंसुद्धा नाही. असं का होतं, ते आता समजून घेऊ.

आषाढी वारीत माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामाला येते, तेव्हा दिंड्या आपण पाहतो. रथापुढे कोण, रथामागे कोण, कितव्या नंबरची दिंडी कुठे, सगळं ठरलेलं असतं. मधेच कुणी शिरत नाही. संगणकाचंही तसंच आहे. बटण दाबल्यावर तो आधी स्वतःची तपासणी करतो आणि मग ठरलेल्या क्रमाने विचारत जातो. हार्ड डिस्क, तुझ्याकडे चालू करण्याचा प्रोग्राम आहे का? डीव्हीडी, तुझ्याकडे? पेनड्राइव्ह, तुझ्याकडे? या क्रमाला बूट ऑर्डर म्हणतात. क्रमात हार्ड डिस्क पहिली असेल आणि तिच्यात मोडकंतोडकं विंडोज असेल, तर संगणक तिथेच अडखळतो. डीव्हीडीची पाळी येतच नाही.

म्हणून पहिला उपाय म्हणजे हा क्रम बदलणं. संगणक चालू केल्याबरोबर, कंपनीचं नाव पडद्यावर येताच एक बटण सारखं सारखं दाबायचं. कुठल्या संगणकाला एफ १२, कुठल्याला एफ ९, कुठल्याला एफ ८ किंवा एस्केप लागतं. बऱ्याचदा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ते लिहिलेलं असतं, पण दोन सेकंदांत निघून जातं. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि थांबवून वाचा. आम्ही तसंच केलं. मग यादी येते, त्यातून डीव्हीडी निवडायची. क्रम कायमचा बदलायचा असेल तर एफ २ किंवा डिलीट दाबून सेटिंगमध्ये जावं लागतं, आणि बाहेर पडताना बदल जतन करावा लागतो. बहुतेक ठिकाणी त्यासाठी एफ १० असतं. सेटिंगमध्ये काहीही बदलण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे चुकलं तर जसं होतं तसं परत करता येतं.

इथे आणखी एक फसगत होते. डीव्हीडीची पाळी आली की पडद्यावर ‘प्रेस एनी की’ अशी ओळ येते. म्हणजे कुठलंही एक बटण दाबा. चार-पाच सेकंदांत दाबलं नाही, तर संगणक पुन्हा हार्ड डिस्ककडे वळतो. आपण चहा घ्यायला उठतो आणि वाटतं डीव्हीडी चाललीच नाही.

आम्ही क्रम बदलला, जतन केला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर क्रम पुन्हा जुनाच, आणि तारीखही कित्येक वर्षं मागची. याचं कारण आतला गोल सेल. सीपीयूच्या डब्यात मोठ्या बोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, त्यावर ‘सीआर २०३२’ असं लिहिलेलं असतं. वीज नसताना संगणकाचं घड्याळ आणि सेटिंग त्याच्यावर टिकतं. तो संपला की संगणक सांगितलेलं विसरतो. हा सेल इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. वायर भिंतीतून पूर्ण काढायची, मग डबा उघडायचा आणि सेल जसा बसला होता त्याच बाजूने नवा बसवायचा. आत विजेचा जो बंद चौकोनी खोका असतो, तो मात्र कधीच उघडायचा नाही.

सेल बदलला, क्रम टिकला, तरी डीव्हीडी चालेना. मग संशय डीव्हीडीवर गेला. खात्री कशी करायची? तीच डीव्हीडी दुसऱ्या संगणकात घालून तो चालू करून बघायचा. ‘प्रेस एनी की’ आलं तर काहीच दाबायचं नाही, डीव्हीडी काढून घ्यायची. तिथे ओळ आली म्हणजे डीव्हीडी चांगली, दोष आपल्या संगणकात. तिथेही आली नाही तर दोष बहुतेक डीव्हीडीत. दूध नासलं तर आपण भांडं बघतो, मग दूध बघतो, तसंच हे.

आमची डीव्हीडी दुसरीकडेही चालली नाही. तिथे उघडून पाहिली तर आत एकच मोठी फाइल होती, नावाच्या शेवटी ‘आयएसओ’. इथे घोळ कळला. आयएसओ म्हणजे पूर्ण डीव्हीडीचं बांधलेलं गाठोडं. ते सोडून डीव्हीडीवर मांडावं लागतं, त्याला इमेज बर्न करणं म्हणतात. आमच्याकडे गाठोडं तसंच ठेवून दिलं होतं. बरोबर लिहिलेली डीव्हीडी उघडली की आत बरेच फोल्डर आणि फाइली दिसतात.

डीव्हीडी बरोबर असूनही न चालण्याची आणखी कारणं आहेत. तिच्यावर ओरखडे किंवा तेलकट बोटं असतील तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. काही जुने ड्राइव्ह फक्त सीडी वाचतात. सीडीत साधारण ७०० एमबी मावतं, डीव्हीडीत ४.७ जीबी, त्यामुळे सीडीच्या ड्राइव्हला डीव्हीडी कळत नाही. कधी ड्राइव्हची वायर सैल असते, मग सेटिंगच्या यादीत त्याचं नावच दिसत नाही. नव्या संगणकात सिक्युअर बूट नावाची राखण असते, ती जुन्या विंडोजच्या डीव्हीडीला आत घेत नाही. नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नसतो. तिथे किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि तोही नुसती फाइल टाकून चालत नाही, गाठोडं सोडूनच तयार करावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवी डीव्हीडी तयार झाली, संगणक तिच्यावरून चालू झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. ‘इन्स्टॉल’वर बोट टेकणार, तेवढ्यात आमच्या लेखापाल ताईंनी विचारलं, “आतल्या नोंदींचं काय होणार?” सगळ्या गप्प. नवीन विंडोज टाकताना हार्ड डिस्क फॉरमॅट केली, की जुनं सगळं पुसलं जातं. चार दिवस डीव्हीडी चालली नाही म्हणून आम्ही रडत होतो. पहिल्याच दिवशी ती चालली असती, तर दीड वर्षाचा हिशेब आमच्याच हाताने गेला असता.

मग तालुक्यातल्या एका जाणकार मुलीने लिनक्सची डीव्हीडी आणली. लिनक्स फुकट मिळतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही बॉस नावाचं लिनक्स केलं आहे, त्यात मराठीही आहे. बऱ्याच लिनक्स डीव्हीड्यांवरून काहीही इन्स्टॉल न करता संगणक तात्पुरता चालू करता येतो. तसा चालू करून तिने हार्ड डिस्क उघडली. फाइली जशाच्या तशा होत्या, मोडलं होतं ते फक्त विंडोज. पेनड्राइव्हवर दोन प्रती घेतल्या, दुसऱ्या संगणकावर उघडून आकडे जुळवले, आणि मगच नवं विंडोज टाकलं. तपासणीच्या आदल्या रात्री आम्ही अकरा वाजेपर्यंत वह्या उतरवत बसलो होतो, हेही कबूल करते.

आता वही घ्या आणि लिहा. एक, फॉरमॅट करण्याआधी नोंदींची प्रत काढा. दोन, ‘प्रेस एनी की’ येतं का, डोळ्यांनी पाहा. तीन, बूटचा क्रम बघा. चार, तारीख मागे गेली असेल तर सेल बदला. पाच, डीव्हीडी दुसऱ्या संगणकात तपासा आणि आत गाठोडं आहे की मांडलेल्या फाइली, ते बघा. सहा, ड्राइव्हची वायर बघा. इतकं करूनही चालू झालं नाही तर दुरुस्तीवाल्याकडे न्या, पण “आधी आमच्या फाइली काढा, मग फॉरमॅट करा” हे वाक्य बोलूनच संगणक त्याच्या हातात द्या.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या बैठकीनंतर दोन पेनड्राइव्ह भरले जातात. एक कार्यालयात, एक सचिव ताईंच्या घरी, डाळीच्या डब्याशेजारी. आणि वही त्याच दिवशी लिहिली जाते. तुमच्या गटाच्या नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे, ते येत्या बैठकीत विचाराच. बरंय, पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.