डॉक्टर गांधी यांचें विधेयक आणि गांजाचा कायदा

पतियाळाचे खासदार डॉक्टर धर्मवीर गांधी हे धंद्यानें हृदयरोगाचे वैद्य. २०१४ सालीं आम आदमी पक्षाच्या तिकिटावर ते लोकसभेंत आले, पुढें त्या पक्षाशीं त्यांचें फाटलें, आणि २०२४ सालीं त्याच मतदारसंघांतून काँग्रेसतर्फे ते पुन्हां निवडून आले. त्यांनीं २०१६ सालीं अमली द्रव्यांच्या कायद्यास, म्हणजे ज्यास आपण एन्.डी.पी.एस्. म्हणतों त्यास, दुरुस्ती सुचविणारें खासगी विधेयक तयार केलें. त्यांचें म्हणणें असें कीं, अफू, भुक्की, गांजा हीं वनस्पतिजन्य व तुलनेनें सौम्य द्रव्यें सरकारी देखरेखीखालीं मिळूं द्यावीं. तीं बंद झाल्यामुळेंच पंजाबांतील व्यसनी मनुष्य हेरॉइनच्या, तेथील बोलींत ‘चिट्ट्याच्या’, तावडींत सांपडला. या विधेयकाचा कायदा झाला नाहीं. १९७० नंतर एकही खासगी विधेयक पार्लमेंटांत पार पडलेलें नाहीं, तेव्हां यांत नवल तें काय!

गांजाची वकिली करण्याची आम्हांस हौस नाहीं. चिलमीपायीं उद्ध्वस्त झालेलीं घरें आमच्या वाचकांनीं पाहिलीं आहेत, आणि आम्हींही पाहिलीं आहेत. परंतु डॉक्टरांच्या विधेयकानें जो प्रश्न उभा केला तो गांजा चांगला कीं वाईट, एवढाच नव्हे. ज्या कायद्यानें माणसें तुरुंगांत जातात तो करितांना कोणी कोणास कांहीं विचारिलें होतें काय, हा खरा प्रश्न आहे.

१९८५ चें मूळ विधेयक २३ ऑगस्ट रोजीं लोकसभेपुढें आलें, आणि १६ सप्टेंबर रोजीं त्यावर राष्ट्रपतींची संमतीही मिळाली! अवघे चोवीस दिवस. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें गांजाचें वैद्यकेतर सेवन पंचवीस वर्षांत बंद करण्याचें बंधन घातलें होतें व ती मुदत संपत आली होती, हें या घाईचें एक कारण. याच्या उलट १८९३ ची गोष्ट पाहा. डब्ल्यू. एस्. केन हे इंग्लंडांतील खासदार कट्टे मद्यपाननिषेधवादी, आणि आमच्या राष्ट्रीय सभेचे हितचिंतक. त्यांनीं पार्लमेंटांत गांजाविषयीं प्रश्न केला, तेव्हां सरकारला सात सभासदांचें कमिशन नेमावें लागलें. त्यानें प्रांतोप्रांतीं ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ सालीं अहवाल दिला कीं, माफक सेवनानें विशेष अपाय होत नाहीं, सरसकट बंदी जरूर नाहीं व इष्टही नाहीं, कर व नियंत्रण पुरे. तिघां एतद्देशीय सभासदांपैकीं दोघांनीं भिन्न मत नोंदविलें. परक्या सरकारचा डोळा अबकारीच्या उत्पन्नावर होता, हें आम्ही विसरत नाहीं. तरी पण परक्यांनीं हजारावर साक्षी घ्याव्या आणि स्वकीयांनीं चोवीस दिवसांत काम उरकावें, याची आम्हांस लाज वाटते.

घाईचीं फळें कायद्यांतच दिसतात. झाड एकच, पण फुलोरा गांजा ठरला व निव्वळ पान व्याख्येबाहेर राहिलें. म्हणून उत्तर प्रदेश व राजस्थान येथें भांगेचीं दुकानें सरकारी परवान्यानें चालतात, तर महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा तीच भांग परवान्यावांचून बाळगूं देत नाहीं. २००१ पर्यंत जवळचें थोडेंसें द्रव्य आपल्याच सेवनासाठीं होतें, हें सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असे! १९८९ सालीं कांहीं गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीस फांशीची सक्ती केली होती. ती सक्ती टिकणारी नाहीं असें मुंबई हायकोर्टानें २०११ सालीं ठरविलें, आणि मग २०१४ सालीं पार्लमेंटास जाग आली. आजही नुसतें गांजाचें सेवन करणारा कलम २७ खालीं सहा महिन्यांच्या कैदेस पात्र आहे. स्वतः होऊन उपचार घेणाऱ्यास कलम ६४-अ खालीं माफी आहे खरी, पण हमाली करणाऱ्या गरिबाला हें कलम सांगणार कोण? २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीप्रमाणें गांजा-चरस ओढणारे सुमारें १.३ कोटी आहेत. इतक्या लोकांतून कोणास धरावें व कोणास सोडावें, ही निवड अखेर शिपायाच्या हातीं जाते. आणि शिपाई बंगल्यावर आधीं जात नाहीं, झोपडीवर जातो.

डॉक्टरांचें विधेयक मात्र आम्हांस जसेंच्या तसें मान्य नाहीं. अफू व गांजा यांची मोट एकत्र बांधण्यांत त्यांची चूक झाली. अफूची चटक शरीर जखडून टाकते. तिचीं दुकानें उघडलीं म्हणजे हेरॉइनचा रोगी तिकडे परतेल, हें सिद्ध झालेलें नाहीं. कोवळ्या वयांत गांजा ओढणाऱ्यांच्या मनावर होणारा परिणामही हलका मानतां येत नाहीं. शिवाय दुकान आलें कीं उत्पन्न आलें, आणि उत्पन्नाची गोडी कोणत्याही सरकारला सुटत नाहीं, मग घटनेचें कलम ४७ कांहीं म्हणो.

आमची मागणी याहून लहान आहे. सेवन करणाऱ्यास फौजदारींतून काढून वैद्याच्या हवालीं करावें, विकणाऱ्यावरील कलमें राहूं द्यावीं, आणि पार्लमेंटाच्या समितीनें वैद्य, वकील, शेतकरी, व्यसनमुक्तिकेंद्रांचे चालक व त्यांतून बरीं होऊन आलेलीं माणसें यांच्या साक्षी उघडपणें घ्याव्या. डिसेंबर २०२० मध्यें व्हिएन्ना येथें संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें गांजास अतिकडक निर्बंधांच्या यादींतून २७ विरुद्ध २५ मतांनीं वगळलें, त्या वेळीं भारताचें मत वगळण्याच्या बाजूनें पडलें. तें मत ज्या कारणांसाठीं दिलें, तीं कारणें लोकसभेपुढें मांडण्यास कोणती अडचण आहे, हें सरकारनें सांगावें.