पाद्रीसाहेबांचं छप्पर

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात आल्फ्रिस्टन गावी चौदाव्या शतकातलं पाद्र्याचं घर आहे. 1896 मध्ये तिथल्या नॅशनल ट्रस्टनं ते 10 पौंडांत घेतलं. ओकचा सांगाडा, लिंपलेले कूड, वर गवत, खाली खडू नि आंबट दुधाची जमीन. आपल्याकडच्या खेडुताला त्यात फार नवल वाटायचं नाही.

मात्र गोरे पाद्री साताऱ्याच्या डोंगरात आले, तेव्हा विलायती घराचा आराखडा पावसानं पार बदलून टाकला. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तोही वाऱ्याबरोबर आडवा. तिथला जांभा खाणीत मऊ, हवा लागली की टणक. पण सच्छिद्र, त्यामुळे पाणी पितो. म्हणून पावसाळ्याआधी बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधायची रीत पडली. थेंब काडीवर पडतो, काडीच्या अंगानं घसरत खालच्या काडीवर उतरतो. भिजतो तो वरचाच थर. मागच्या पोकळीत हवा खेळत राहते. आता गवताच्या जागी बरेचदा प्लास्टिक दिसतं. ते पाणी अडवतं खरं, पण भिंतीचा दमट श्वासही कोंडतं.

छपराचं उत्तर मात्र एका मिशनऱ्याच्याच कारखान्यातून आलं. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टनं 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्याआधी नळीची कौलं असत. वानरं-मांजरं ती सरकवत आणि दर उन्हाळ्यात घर शाकारणं चुकत नसे. मंगलोरी कौलाच्या कडेला खाच असते, ती शेजारच्या कौलात अडकते. खालच्या अंगाचा उंचवटा रिपेवर टेकतो. वाऱ्यानं सांध्यात घुसलेलं पाणी खाचेत अडखळतं, जोर हरवतं आणि उतारावरून पागोळीला लागतं. खिळा एकही नाही! उतार मात्र पुरेसा हवा. तो कमी पडला की पाणी सांधा ओलांडतं आणि घरात बादल्या मांडाव्या लागतात.

पाचगणीला उतरलं की पाऊस निम्म्याहूनही कमी होतो, तिथे बारमाही राहता येतं. आणखी पूर्वेला मिरजेत पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं. या पट्ट्यात खरी काळजी वरची नाही, पायाखालची. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते, आणि भिंतीला तिरपी चीर पडते. म्हणून गवंडी काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत खणतात, मग जोतं धरतात.