सेवकाचा सोमवार



गेल्या पावसाळ्यात परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत मी एका वारली बापावर ओरडलो. मुलीचा केसपेपर त्याच्याकडून हरवला, एवढाच त्याचा गुन्हा. जव्हारहून रात्री निघून तो उपाशीपोटी आला होता. उलट काही बोलला नाही. खाली बघून पिशवी चाचपत राहिला. लालबागला घरी आलो तेव्हा पत्नीने विचारले, “तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतलीत?” मला आठवेना. तिने कॅलेंडर काढून दाखवले. चौदा महिने झाले होते.

तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करता, दान पाठवता, म्हणून हे तुमच्यापासून लपवू नये असे वाटते. सेवकाला कामापेक्षा टोचणी जास्त थकवते. देवाच्या कामातून सुट्टी मागणे म्हणजे अविश्वासूपणा, असे आम्ही मनात धरून बसतो. कुणा विधवा बहिणीने पोटाला चिमटा काढून पाठवलेल्या पैशांवर आपण झोपा काढायच्या का, हाही विचार येतो. आणि रविवार? मंडळीचा तो विसाव्याचा दिवस, सेवकाचा मात्र सर्वांत धावपळीचा.

पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. 1 राजे 19 वा अध्याय वाचायला सांगितला. कर्मेलावर एवढा विजय पाहिलेला एलीया तिथे रानात झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो आणि उठवून पुन्हा खायला घालतो. देवाची मंद वाणी होरेबवर ऐकू येते, ती त्यानंतर. हा अध्याय मी कितीदा तरी शिकवला आहे, पण नेहमी मंद वाणीवर. भाकरीपाशी कधी थांबलोच नव्हतो!

निर्गम 23 मध्ये सातव्या दिवसाच्या विसाव्यात बैल आणि गाढवसुद्धा येतात. मार्क 6 मध्ये शिष्यांना जेवायला सवड नव्हती, तेव्हा प्रभूने त्यांना एकांती नेले. लोक मात्र त्यांच्या आधी तिथे हजर. विसावा असाच मोडत असतो, म्हणून तो दर आठवड्याला ठरवून घ्यावा लागतो.

आता सोमवार माझा. फोन पत्नीकडे देतो, करी रोडवरून चालत लोअर परळला जातो आणि लोकलने चर्नी रोडला उतरतो. गिरगाव चौपाटीवर सकाळी वाळू थंड असते. पहिले तीन सोमवार मी तिथे बसून नुसता पेंगलो. प्रार्थना चौथ्या सोमवारी सुचली.

याच चौपाटी भागात 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. बाईंच्या कामाचा डोंगर आठवला की आपली दगदग काय, असे वाटते. पण बाईही वेळ काढून लोणावळ्याच्या शिबिर-सभांना जात. 1896 मध्ये तिथे एका पहाटे त्या एकट्याच रानात जाऊन बसल्या. सूर्य उगवत होता. सदनातल्या पंधरा मुली आदल्या वर्षी त्यांच्याबरोबर सभेला आल्या होत्या. त्या पहाटे बाईंनी पंधराच्या पंधरापट, म्हणजे 225 जीव मागितले. त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्यांनी तिकडून अनाथ मुली, विधवा आणल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. एवढी मोठी मागणी कार्यालयातल्या टेबलाशी बसून सुचली असती का, याची मला शंका आहे.

(गणपतीचे दहा दिवस लालबागमध्ये विसाव्याचे नावही काढू नये. तेव्हा आम्ही दोघे जव्हारला जातो.)

तो बाप दिवाळीनंतर मुलीला तपासणीसाठी घेऊन आला. मी त्याची क्षमा मागितली. त्याने माझ्याकडे जरा बघितले आणि म्हणाला, “चल, आधी चहा पिऊ.” मुलगी आता बरी आहे.

सोमवारी आजारी माणसांसोबत रांगेत उभे राहायला दादर आणि परळच्या मंडळ्यांतून दोन भाऊ पुढे आले आहेत. बायकांच्या सोबतीला एक बहीण हवी आहे. सकाळी सातला पोहोचावे लागते, दुपारी दोनपर्यंत मोकळीक होते.